खोट सांगणारा विक्रेता

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्री आहेत, मशिन शॉप आहेत. शेजारच्या मिरजेत सतारी-तंबोरे घडवणारे कारागीर आहेत. हत्यार हातात घेतल्याबरोबर त्याची जात ओळखणारी माणसे या पट्ट्यात कमी नाहीत. तरीही जुना लोखंडी रंधा, शेफील्डची पटाशी किंवा जुन्या घडणीचा मायक्रोमीटर हवा असेल, तर शोध आता मोबाइलवरच सुरू होतो. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात वस्तू उलटीपालटी करता येते, नखाने धार तपासता येते. पडद्यावर मात्र विक्रेत्याने दाखवायचे ठरवले तेवढेच दिसते. म्हणून आधी माणसाची पारख करावी लागते, आणि ती करताना बहुतेक लोक नको तिथे पाहतात. ते त्याला मिळालेले तारे मोजतात.

तारे अगदीच निरुपयोगी नाहीत. पार्सल वेळेवर आले, खोके फुटलेले नव्हते, फोन उचलला गेला, एवढे त्यांतून कळते. एकाच साच्यातून निघालेल्या हजार मिक्सरांबद्दल हजार जणांचे मत उपयोगी पडते. जुना रंधा एकुलता एक असतो आणि तारे देणाऱ्यांपैकी कोणी तो विकत घेतलेला नसतो. शिवाय पाच तारे देणाऱ्या गिऱ्हाइकाला रंध्याचे पाते मूळचे की मागाहून बसवलेले, हे तरी कुठे ठाऊक असते? जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर निबंध लिहिला. २००१ साली त्याला मिळालेल्या नोबेलमागे हेच काम होते. मालाची खोट विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, असे असले की घेणारा सगळ्याच मालाला पडेल किंमत देतो. मग चांगला माल बाळगणारे बाजारातून उठतात आणि टाकाऊ तेवढा उरतो. जुन्या हत्यारांच्या बाजाराला हे नेमके लागू पडते. यातून सुटायचे तर विक्रेत्याने आपल्याकडची माहिती आपणहून, पडताळता येईल अशा रूपात उघड करायला हवी. विश्वासू विक्रेता ओळखायची माझ्या मते हीच कसोटी.

पडताळता येईल म्हणजे कशी, हे हत्यारच सांगते. विक्रेता 'शंभर वर्षांपूर्वीचे' म्हणतो, तेव्हा त्याच्याकडे शिक्क्याचा जवळून काढलेला फोटो मागावा. 'मेड इन वेस्ट जर्मनी' असेल तर ती वस्तू १९४९ च्या आधीची असूच शकत नाही, कारण त्यापूर्वी तो देशच नव्हता. मिटुटोयोची सुरुवात १९३४ ची, तेव्हा त्या नावाचा मायक्रोमीटर आज शंभरी गाठलेला नाही. आयएसआयचा छाप असला तर काळ आणखी अलीकडे येतो. ती संस्थाच १९४७ साली निघाली. घरचेच उदाहरण घ्यायचे तर किर्लोस्करांचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना बेळगावहून औंध संस्थानातल्या माळावर आणला तो १९१० साली. एखाद्या ओतीव कडबाकटरवर किर्लोस्करवाडीचे नाव असेल आणि विक्रेता तो एकोणिसाव्या शतकातला म्हणून विकत असेल, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. अमेरिकन स्टॅनलीच्या काही रंध्यांवर १९०२ आणि १९१० च्या पेटंट-तारखा ओतलेल्या असतात. तिथे पुष्कळांची फसगत होते, कारण ती तारीख पेटंटची असते, रंध्याच्या जन्माची नसते. रंधा १९१० नंतरचा, एवढेच तीवरून ठरते. हा फरक जो विक्रेता स्वतःहून लिहितो, त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

वयापेक्षा अवस्था महत्त्वाची, विशेषतः हत्यार वापरायचे असेल तर. रंध्याच्या तोंडाशी तडा आहे का, तळ कुठे झिजला आहे, पाते किती उरले आहे, मूठ सांधलेली आहे का, हे फोटोत दिसले पाहिजे. पाते सुटे काढून, शेजारी पट्टी ठेवून. पटाशीच्या सपाट पाठीवर धारेपाशी गंजाचे खड्डे असतील तर वरच्या चकाकीला काही अर्थ नाही, ते खड्डे घासून जाईपर्यंत धार सलग लागायची नाही. करवत टोकाकडून पाहिली की बाक कळतो. उलट तारेच्या ब्रशने लखलखीत केलेले, नवा काळा रंग दिलेले हत्यार जरा संशयानेच पाहावे. रंगाखाली तडा सहज लपतो. थोडे गंजलेले आणि जसे आहे तसे दाखवलेले हत्यार त्यापेक्षा बरे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. वारलेल्या सुताराची पेटी त्याचा मुलगा विकायला काढतो किंवा भंगारवाला एखादी जुनी ऐरण फोटो काढून टाकतो. त्यांना पेटंट-तारखा कुठून माहीत असणार? इतके प्रश्न विचारले तर अशी साधी माणसे बाजूलाच पडतील. पण कसोटी ज्ञानाची नाहीच. 'मला वय ठाऊक नाही, फोटो हवे तितके काढून देतो' असे म्हणणारा माणूस तिला पूर्ण उतरतो. दुसरी अडचण माल परत घेण्याची. काही विक्रेते त्याला कचरतात, कारण गिऱ्हाईक हत्यार बदलून भलतेच परत पाठवील ही त्यांची भीती खोटी नसते. शिक्के आणि ओरखडे यांचे फोटो आधीच दोघांकडे असले आणि खोके उघडताना चित्रीकरण केले, तर तो वाद बराचसा मिटतो. फोटो मागितल्यावर आगाऊ रकमेची घाई करणारा, लष्करात नोकरीला असून बदली झाल्याचे सांगणारा, पैसे 'मिळण्यासाठी' यूपीआयचा पिन टाकायला लावणारा मात्र हत्यारे विकायला बसलेलाच नसतो. त्याच्यासाठी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक आहे.

कायद्याचा आधार आहे, पण अर्धा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बाजारपेठ चालवणाऱ्या संकेतस्थळाने विक्रेत्याचे नाव-पत्ता दाखवायचा असतो आणि तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे कुपवाडच्या ग्राहकाला दिल्लीच्या विक्रेत्याविरुद्ध सांगलीच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. मात्र घरातली एखादी वस्तू विकणाऱ्या खासगी माणसाला ई-कॉमर्सचे हे नियम लागू नाहीत. तिथे लेखी वर्णन आणि फोटो हाच पुरावा, म्हणून बोलणे फोनवर न आटोपता लिहून घ्यावे. दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तूंचा. शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू त्याच्या व्याख्येत येऊ शकते. पुरावस्तूंच्या धंद्याला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. त्यामुळे 'दोनशे वर्षांपूर्वीचे, परदेशात कुठेही पाठवू' ही जाहिरात खोटी तरी असते, नाहीतर अडचणीत आणणारी तरी. अमेरिकेतल्या नातेवाइकांसाठी खरेदी करणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

या भागात निवृत्त फिटर, टर्नर आणि सुतार यांच्या घरी पेट्या पडून आहेत, आणि त्या बहुधा किलोच्या भावाने भंगारात जातात. त्यांच्या मुलाबाळांना एवढीच विनंती: पेटी वजनकाट्यावर चढवण्याआधी एकेका हत्याराचा शिक्का, धार आणि तडा यांचा फोटो काढा, जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून लिहा, आणि मग विकायला ठेवा.