त्र्यंबकेश्वरला आलाय आणि रेल्वे बघायचीय? उभं कुठे राहायचं ते वाचा

त्र्यंबकेश्वरला रेल्वे येत नाही. दर्शनाला येणारे बरेच जण नाशिकरोडला उतरतात आणि पुढे बस किंवा टॅक्सी पकडतात. पण ज्यांना गाड्या बघायचं वेड आहे, त्यांच्यासाठी हे ठिकाण मोक्याचं आहे. पहिने-घोटीमार्गे गेलं की इगतपुरी येतं, म्हणजे थळ घाटाचा, आपल्या बोलीत कसारा घाटाचा, माथा.

आता प्रश्न असा की गाडी बघायला उभं कुठे राहायचं? रीलमध्ये दिसतं तसं रुळांच्या कडेला? अजिबात नाही. का, ते समजून घेऊ.

या घाटात एवढं बघण्यासारखं काय आहे?

कसारा ते इगतपुरी हा रेल्वेमार्ग १८६५ साली सुरू झाला. इथला चढ १:३७ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर चढते. रेल्वेसाठी हा फारच तीव्र चढ. त्यामुळे बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिनं जोडतात. त्यांना 'बँकर' म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात. मागूनच का? सगळा भार पुढच्या जोडण्यांवर येऊ नये आणि एखादी जोडणी तुटलीच तर डबे उतारावरून मागे घरंगळू नयेत म्हणून.

इगतपुरीला हे बँकर सुटतात. मुंबई-शिर्डी वंदे भारतला मात्र बँकर लागत नाही, कारण तिच्या मोटारी एका इंजिनात नसून अनेक डब्यांखाली विभागलेल्या असतात.

आणखी एक गंमत. मुंबईपासून दूर जाणाऱ्या गाडीला रेल्वेच्या भाषेत 'डाऊन' म्हणतात. म्हणजे इथे घाट चढणारी गाडी डाऊन आणि उतरणारी अप!

लोक पायी रूळ ओलांडतात, तिथे उभं राहिलं तर?

ब्रिटनमध्ये पायवाटांवर अधिकृत रेल्वे क्रॉसिंग असतात. छोटं फाटक, सूचनांचा फलक, आणि रेल्वेप्रेमी फाटकाबाहेर उभे. आपल्याकडे गावाजवळ रुळांवर पडलेली पायवाट ही बहुतेक वेळा नुसती सवय असते, अधिकृत वाट नसते. परवानगीशिवाय रुळांवर गेल्यास रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार ६ महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पण दंड ही किरकोळ गोष्ट झाली. ताशी १०० किमीने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे येते. तुम्ही मोबाईल सरळ धरून फ्रेम लावेपर्यंत १० सेकंद गेले तर गाडी २८० मीटर जवळ आलेली असते. लोको पायलटने तुम्हाला पाहून ब्रेक लावला तरी ती जागच्या जागी थांबत नाही.

सर्वात मोठा धोका असतो दुसऱ्या गाडीचा. एक गाडी धडधडत जाते, तिच्या आवाजात शेजारच्या रुळावरून येणारी ऐकूच येत नाही. २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात हेच घडलं. आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून प्रवासी खाली उतरले आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली अनेकांचा जीव गेला. हा मार्ग म्हणजे आपल्या नाशिकरोडवरून पुढे जाणारीच लाईन.

मग चांगल्या जागा कोणत्या?

१. इगतपुरीचा प्लॅटफॉर्म. प्लॅटफॉर्म तिकीट काढा आणि पिवळ्या रेषेच्या आत उभे राहा. चढून आलेल्या गाडीचे बँकर सुटताना बघायला मिळतात. पावसाळ्यात धुक्यातून येणारा इंजिनाचा दिवा ही खास मेजवानी.

२. कसारा स्थानक. इथे बँकर जोडताना दिसतात. गाडी उभी असते, त्यामुळे नीट बघायला वेळही मिळतो.

३. नाशिकरोडचा पादचारी पूल. वरून एकाच वेळी सगळे रूळ आणि दोन्ही दिशांच्या गाड्या दिसतात. पण गर्दीच्या वेळी पुलावर थांबू नका. २०१७ ची एल्फिन्स्टन रोडच्या पुलावरची चेंगराचेंगरी आठवा. सिंहस्थाच्या दिवसांत तर हा पूल फक्त चालण्यासाठीच.

४. गेटमन असलेलं फाटक. बंद फाटकाच्या बाहेर, रस्ता न अडवता उभे राहा. फाटकाखालून वाकून आत जाणं नको.

५. खिडकीची सीट. घाटातले बोगदे आणि एहेगावजवळचा उंच पूल बघायला स्वतः गाडीत बसणं उत्तम. दारात लटकून मात्र नाही.

हे तीन नियम पाळा

पुलावरून सेल्फी स्टिक बाहेर काढू नका, खालच्या तारांमध्ये २५,००० व्होल्टचा दाब असतो. फ्लॅश बंद ठेवा, लोको पायलटच्या डोळ्यांवर येतो. आणि लहान मुलांचा हात सोडू नका, कारण तुम्ही जिथे उभे राहाल, तिथेच उभं राहायला ती शिकतात.