पाळीव मांजरांतील फीतकृमी : प्रादुर्भाव व नियंत्रण

रहिमतपूरसारख्या शेतीप्रधान गावात धान्यातील उंदरांच्या बंदोबस्तासाठी मांजरे पाळली जातात. त्यांच्यात प्रामुख्याने दोन फीतकृमी आढळतात. अंग चाटताना बाधित पिसू गिळल्याने डायपिलिडियम कॅनिनमची, तर उंदीर खाल्ल्याने टीनिया टीनिफॉर्मिसची बाधा होते. गुदद्वाराजवळ तांदळाच्या दाण्यांसारखे कृमिखंड दिसणे हे प्रमुख लक्षण होय. प्राझिक्वांटेल आतड्यातील कृमी नष्ट करते; परंतु घरात पिसवा राहिल्यास सुमारे ३ आठवड्यांत कृमिखंड पुन्हा दिसू शकतात. म्हणून औषधोपचार व पिसूनिर्मूलन एकाच वेळी करणे आवश्यक ठरते. मात्र कुत्र्यांसाठीची परमेथ्रिनयुक्त पिसूनाशके मांजरांना प्राणघातक ठरू शकतात. ती वापरू नयेत. बाधित पिसू गिळल्यास लहान मुलांनाही डायपिलिडियमची बाधा होऊ शकते. सबब, मांजराचा उपचार हा कुटुंबाच्या आरोग्याचाही प्रश्न आहे.