संगणकाची पहिली ओळख : बूट इमेज आणि नेटवर्क ड्रायव्हर

शासकीय कार्यालये, शाळा आणि ग्रामपंचायती यांच्या दैनंदिन कारभारात संगणकाला आज मध्यवर्ती स्थान प्राप्त झाले आहे. दाखला देणे असो, करवसुलीची नोंद असो वा विद्यार्थ्यांची माहिती भरणे असो, संगणक बंद पडला की काम खोळंबते आणि दारी आलेल्या माणसाला 'उद्या या' असे सांगावे लागते. संगणक कार्यक्षम राहावा यासाठी त्यावर वेळोवेळी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, नव्याने बसवावी लागते. विंडोज १० या कार्यप्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. त्यामुळे हे काम अनेक ठिकाणी एकाच वेळी उभे राहिले आहे.

संगणक दोन-चारच असतील तर पेनड्राइव्ह पुरेसा होतो. तीस-चाळीस संगणकांचा कक्ष असेल तर मात्र एका सर्व्हरवरून नेटवर्कद्वारे सर्व संगणकांवर कार्यप्रणाली बसविणे सोयीचे ठरते. या पद्धतीत एक अडचण वारंवार उद्भवते. नवा संगणक नेटवर्कवरून सुरू होतो, पडद्यावर स्थापनेची सुरुवात दिसते आणि लगेच नेटवर्क कार्डाला जुळणारा ड्रायव्हर इमेजमध्ये आढळला नाही, असा संदेश येतो. तार नीट जोडलेली असते, कार्डावरील दिवाही लुकलुकत असतो. अशा वेळी यंत्र सदोष असल्याचा समज होऊन ते परत पाठविले जाण्याचा संभव असतो. वस्तुतः दोष यंत्रात नसतो. उणीव बूट इमेजमध्ये असते.

बूट इमेज म्हणजे काय?

कोऱ्या संगणकावर कार्यप्रणाली बसविण्यासाठी आधी काहीतरी चालू असावे लागते. हे काम एक छोटी, तात्पुरती कार्यप्रणाली करते. विंडोजच्या बाबतीत तिला विंडोज पीई म्हणतात. ती २००२ पासून वापरात आहे. ती ज्या फाइलमध्ये साठविलेली असते तिचे नाव बूट डॉट विम. संगणक सुरू होताच ही संपूर्ण इमेज त्याच्या स्मृतीत उतरविली जाते आणि तेथूनच चालते. ती नित्य वापरासाठी नाही. सलग ७२ तास चालल्यावर ती आपोआप पुन्हा सुरू होते.

ड्रायव्हर म्हणजे कार्यप्रणाली आणि यंत्राचा एखादा भाग यांच्यामधील दुभाषा. बूट इमेजमध्ये ती तयार झाली त्या काळापर्यंतच्या अनेक नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर असतात. त्यानंतर बाजारात आलेल्या कार्डाची ओळख तिला नसते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

आधी चालते, मग का अडते?

ज्या कार्डावरून इमेज सर्व्हरकडून आली, तेच कार्ड क्षणभरात अनोळखी कसे होते, असा प्रश्न साहजिकच पडतो. याचे उत्तर स्थापनेच्या दोन टप्प्यांत आहे.

पहिल्या टप्प्यात इंटेलने पुरस्कृत केलेली पीएक्सई ही पद्धत काम करते. संगणकाच्या मूळ चिपमध्ये नेटवर्क कार्ड चालविण्यापुरती सोय असते. तिच्या आधारे संगणक स्वतःसाठी नेटवर्कवरील पत्ता मागतो आणि इमेज उतरवून घेतो. दुसऱ्या टप्प्यात विंडोज पीई सर्व सूत्रे हाती घेते. ती चिपमधील सोयीवर अवलंबून राहत नाही. तिला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. तो नसेल तर सर्व्हरशी संबंध तुटतो. हवा असलेला ड्रायव्हर सर्व्हरवर असला तरी तेथवर पोहोचण्यासाठी तोच ड्रायव्हर हवा. पेटीची किल्ली पेटीतच राहावी, तशी ही स्थिती होते.

ड्रायव्हर समाविष्ट करण्याची रीत

प्रथम कार्डाची नेमकी ओळख पटवावी. प्रत्येक कार्डाला उत्पादकाचा आणि उपकरणाचा असे दोन सांकेतिक क्रमांक असतात. इंटेलचा उत्पादक-क्रमांक ८०८६, तर रिअलटेकचा १०ईसी आहे. त्याच नमुन्याच्या एखाद्या चालू संगणकावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये हे क्रमांक पाहता येतात. खोक्यावरील नावापेक्षा हे क्रमांक अधिक विश्वसनीय होत.

त्यानंतर उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून ड्रायव्हर मिळवावा. तो स्वयंचलित स्थापना-फाइलच्या रूपात असल्यास उलगडून घ्यावा. कारण इमेजला आयएनएफ ही माहिती-फाइल आणि तिच्यासोबतच्या मूळ फाइलीच लागतात.

इमेजला हात लावण्यापूर्वी चाचणी घेणे हिताचे असते. अडलेल्या संगणकावर शिफ्ट आणि एफ-१० ही बटणे एकत्र दाबली असता आज्ञा देण्याची खिडकी उघडते. तेथे डीआरव्हीलोड या आज्ञेने पेनड्राइव्हवरील ड्रायव्हर तात्पुरता चढविता येतो. कार्ड ओळखले गेले तर निवड योग्य आहे असे समजावे. संगणक पुन्हा सुरू होताच हा बदल नाहीसा होतो.

कायमच्या बदलासाठी विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, डिस्म हे साधन कार्यप्रणालीसोबतच मिळते. त्याचे काम तीन पायऱ्यांत होते. इमेज एका रिकाम्या फोल्डरमध्ये उघडावी. तीत ड्रायव्हर समाविष्ट करावा. आणि बदल जतन करून ती बंद करावी. जतन करण्याची सूचना दिली नाही तर सर्व श्रम वाया जातात. शेवटी सर्व्हरवरील जुन्या इमेजच्या जागी नवी इमेज ठेवावी.

घ्यावयाची काळजी

मूळ इमेजची एक प्रत अलग ठेवावी. स्थापना-डिस्कवरील बूट डॉट विममध्ये दोन स्वतंत्र इमेज असतात. पहिली साधी विंडोज पीई आणि दुसरी स्थापनेचा कार्यक्रम चालविणारी. पहिलीत ड्रायव्हर घालून दुसरी तशीच ठेवली, तर अडचण कायम राहते. ६४ बिट इमेजला ६४ बिट ड्रायव्हरच लागतो.

इमेजमध्ये दिसेल तो ड्रायव्हर भरू नये. ती संपूर्णपणे स्मृतीत उतरत असल्यामुळे नेटवर्क आणि साठवण या दोहोंचेच आवश्यक ड्रायव्हर घालावेत. तसेच बूट इमेजमधील ड्रायव्हर फक्त स्थापनेपुरता असतो. अंतिम कार्यप्रणाली इन्स्टॉल डॉट विम या दुसऱ्या फाइलमधून येते, म्हणून तिच्यासाठी ड्रायव्हरची वेगळी तजवीज करावी लागते. विंडोज ११च्या डिस्कवरील बूट इमेज विंडोज डिप्लॉयमेंट सर्व्हिसेसमध्ये जशीच्या तशी वापरण्याची जुनी वाट मायक्रोसॉफ्टने बंद केली आहे. तेथे स्वतंत्रपणे तयार केलेली विंडोज पीई इमेज वापरावी लागते.

लिनक्समध्येही तत्त्व हेच आहे. तेथे प्रारंभीच्या छोट्या फाइलसंचात आवश्यक ड्रायव्हर असावे लागतात. काही कार्डांना त्याखेरीज उत्पादकाचे फर्मवेअरही लागते. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून असे फर्मवेअर अधिकृत स्थापना-इमेजमध्येच देण्यात येऊ लागले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची बॉस ही प्रणालीही डेबियनवरच आधारित आहे.

पूर्वतयारीचे महत्त्व

हे काम तंत्रज्ञाचे असले तरी त्याची सुरुवात खरेदीच्या कागदापासून होते. संगणक मागवितानाच नेटवर्क कार्डाचा नमुना, त्याचे सांकेतिक क्रमांक आणि ड्रायव्हर यांची मागणी पुरवठादाराकडे लेखी नोंदवावी. सर्व यंत्रे येण्याआधी एक नमुना-संगणक मागवून त्यावर स्थापनेची चाचणी घ्यावी. इमेजमध्ये कोणता ड्रायव्हर, कोणत्या तारखेला, कोणत्या यंत्रासाठी घातला, याची नोंद जडवस्तू नोंदवहीच्या शेजारी ठेवावी. म्हणजे तंत्रज्ञ बदलला तरी माहिती कार्यालयातच राहील. एवढी दक्षता घेतल्यास चांगली यंत्रे सदोष ठरून परत जाणार नाहीत आणि शाळेचा कक्ष वा पंचायतीचे कार्यालय ठरल्या दिवशी कामाला लागू शकेल.