घोड्याच्या अंगावरची चरबी : देखणेपण की दुखणे?



ऊस विकास विभागाने घोड्यावर का लिहावे, असे काहींना वाटेल. पण आपल्या नाशिक जिल्ह्यात हौसेने किंवा लग्नकार्यासाठी घोडी पाळणारे सभासद थोडे नाहीत, आणि त्या घोडीच्या दावणीत आपलाच ऊस आणि आपलीच वाढी पडतात. म्हणून हे चार शब्द.

येवल्याचा मंगळवारचा घोडेबाजार घ्या, नाहीतर दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा. गोल गरगरीत जनावर दिसले की लोक म्हणतात, "वा, काय भरली आहे!" मालकाची छाती फुगते. पण भरणे वेगळे आणि चरबी चढणे वेगळे. धनगर बांधवांचे तट्टू बघा. रोज बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालते, मिळेल ते चरते. त्याच्या अंगावर चरबी क्वचितच दिसते. आपली काटक देशी जनावरे थोडक्यात भागवणारी. त्यांना बसवून खुराक दिला की तो सगळा अंगावर चढतो.

त्यात चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात. घोडी चार महिने बसून, आणि बांधावर हिरवे गवत मात्र उदंड! पुढे कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की वाढी सुरू.

आता उसाचा हिशेब करू. आपला साखर उतारा साधारण दहा-अकरा टक्के. म्हणजे लाडाने घातलेल्या पाच किलो उसातून घोडीच्या पोटात अर्धा किलोहून जास्त साखर जाते! वाढ्यांना लागून आलेल्या कोवळ्या कांड्यांतही ग्लुकोजसारख्या साखरा भरपूर असतात. गूळ आणि मोलॅसिस तर सांगायलाच नको. लठ्ठ घोड्याच्या रक्तात अशा साखरेने इन्शुलिन फार वाढते आणि त्यातून खुरांच्या आतल्या भागाला इजा होते. यालाच लॅमिनायटिस म्हणतात. खुरातले हाड जागचे सरकले, तर जनावर कायमचे लंगडे होते. मग लग्नसराईचे उत्पन्नही गेले आणि बाजारात किंमतही गेली.

चरबी कशी ओळखावी? बरगड्यांवरून हात फिरवा. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हलक्या हाताला लागाव्यात. दाबूनही लागत नसतील, तर वजन जास्त आहे. मानेचा वरचा काठ जाड व टणक होणे, शेपटीच्या बुडाशी मऊ गाठोडे येणे, पाठीच्या मधोमध पन्हळ पडणे, ही बाकीच्या खुणा. हेन्नेके यांनी १९८३ साली अमेरिकेत १ ते ९ गुणांची पद्धत बसवली. तीत ५ गुण उत्तम, ७ च्या पुढे लठ्ठ.

वजनकाटा नसेल तर टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १५० आणि लांबी १४० असेल, तर वजन सुमारे २६५ किलो. दर पंधरवड्याला मोजून वहीत लिहा.

चारा किती? वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा. २६५ किलोच्या तट्टाला रोज साडेचार किलोच्या आसपास वाळलेले गवत किंवा कडबा, तीन-चार वेळा विभागून. ऊस, वाढी, गूळ, बाजरी, हरभरा बंद. त्याऐवजी मीठ, खनिज मिश्रण आणि स्वच्छ पाणी द्यावे. वाळलेले गवत अर्धा-एक तास पाण्यात भिजवून पाणी ओतून टाकले, तर त्यातली काही साखर निघून जाते. भिजवलेले गवत लगेच घालावे, उन्हात आंबते. चाऱ्यातला बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा.

मात्र घोडीला उपाशी ठेवू नका! लठ्ठ तट्टू आणि गाभण घोडी उपाशी राहिली, तर अंगातली चरबी एकदम रक्तात उतरते आणि जिवावर बेतते. गाभण घोडीचा चारा डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नये. गायी-म्हशींचा तयार खुराकही घालू नये. काही खुराकांत मोनेन्सिन असते. ते गायीला चालते, घोड्याला विष ठरते.

व्यायाम : पाय ठणठणीत असतील तर आधी रोज अर्धा तास चाल, मग थोडी दुडकी, असे वाढवत न्यावे. पण घोडी पुढचे पाय पुढे ताणून उभी राहते, वळताना अडखळते किंवा खूर गरम लागतात, असे दिसले तर एक पाऊलही चालवू नका. "चालवली की मोकळी होईल" हा समज घातक आहे. तिला मऊ वाळूवर उभी करा आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा.

आठवड्याला दीड-दोन किलो उतरले तरी पुष्कळ झाले. चरबी चढायला वर्ष लागले, उतरायलाही महिने लागणार. घोडीवर माया जरूर करा. पण ती खरारा करून आणि रोज फिरवून. ऊस मात्र कारखान्याकडेच येऊ द्या!

— ऊस विकास अधिकारी