अंगणवाडीतील मिश्र वयोगट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अंगणवाडीत ३ ते ६ वर्षांची मुले एकाच खोलीत, एकाच सेविकेपाशी असतात. खोल्या आणि माणसे कमी म्हणून केलेली ही तडजोड आहे, असे अनेकांना वाटते. पालघर जिल्ह्याचा इतिहास वेगळे सांगतो. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले; अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा मुद्दाम एकत्र ठेवली होती. आदिवासी घरातल्या थोरल्या बहिणीकडे धाकट्याला सांभाळण्याचे काम असे; त्याची सोय झाली नाही, तर तिचीही शाळा बुडे. माँटेसरी पद्धतीतही ३ ते ६ वर्षांचा गट एकत्रच असतो.

मिश्र गटासाठी शिक्षिकेला तीन अभ्यासक्रम पाठ हवेत, हाही गैरसमजच. तिला हवी असते ती मुलाचा टप्पा ओळखणारी नजर. पालघर जिल्ह्यातल्या मासवणच्या एखाद्या पाड्यावर टोपलीभर पाने आणली, की तीन वर्षांचे मूल लहान आणि मोठी पाने वेगळी करते, चार वर्षांचे ती उतरत्या क्रमाने लावते, पाच वर्षांचे मोजून त्यांची नक्षी मांडते. साहित्य एक, अपेक्षा तीन. चिंचोके मात्र मोठ्या माणसाच्या नजरेखालीच बरे. धाकटे भावंड सोबत असेल तर त्याने चिंचोके तोंडात घालण्याचा धोका असतो. असे बारकावे व्याख्यानातून येत नाहीत. प्रशिक्षणार्थीला वर्गात बसून एकेका मुलाला न्याहाळावे, पाहिलेले लिहून ठेवावे आणि अनुभवी सेविकेशी त्यावर बोलावे लागते.

तीन वर्षांखालील बाळांना फक्त आहार पुरे, असेही मानले जाते. त्यांच्याशी बोलणे, गाणे, खेळणे हेही शिक्षणच. ते गृहभेटीत आईबापांना दाखवावे लागते. केंद्र सरकारने २०२४ मध्ये या वयासाठी ‘नवचेतना’ आणि ३ ते ६ साठी ‘आधारशिला’ हे आराखडे दिले आहेत.

सहाव्या वर्षी बालशिक्षण संपते, हेही खरे नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मधील पायाभूत स्तर ३ ते ८ वर्षांचा आहे. म्हणून सेविकेला पहिली-दुसरीचे आणि तिथल्या शिक्षकांना अंगणवाडीचे काम माहीत असायला हवे. उदाहरणार्थ, घरी वारली बोली बोलणारे मूल पहिलीत गप्प बसले, तर ते मंद नसते. वर्गाची भाषा त्याला नवी असते.