तपासणी एका मिनिटाची, वही पाच वर्षांची

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी करायला फार काही लागत नाही. एक टेबल, चांगल्या उजेडाचा दिवा, स्पेक्युलम, कापसाचे बोळे आणि पाच टक्के ॲसिटिक ॲसिड, म्हणजे जवळपास व्हिनेगरच. तरीही 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या फक्त 1.9 टक्के निघाल्या. शंभरात दोनही नाहीत. सामान स्वस्त, काम अवघड नाही, मग अडतं कुठे? परभणी जिल्ह्यात पालम किंवा सोनपेठकडच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राने हे काम खरोखर मनावर घेतलं असं समजू आणि त्याला काय काय करावं लागेल ते बघू.

आधी हिशोब. एका केंद्राच्या हद्दीत साधारण तीस हजार लोकसंख्या धरतात. त्यात 30 ते 65 वयाच्या बायका पाच हजारांच्या आसपास भरतील. केंद्र सरकारच्या 2016च्या आराखड्याप्रमाणे 30 ते 65 वयाच्या प्रत्येकीची ही तपासणी दर पाच वर्षांनी एकदा व्हायला हवी. म्हणजे वर्षाला हजार, आठवड्याला वीस. आकडा आवाक्यातला आहे. ठरलेला एक वार, एक शिकलेली सिस्टर आणि त्या दिवशी दुसरं काम नाही, एवढं जमलं तर मोठ्या शिबिराची गरजच पडत नाही. पण आपल्याकडे प्रथा उलटी. मंडप, बॅनर, पाहुणे, एका दिवसात दोनशे जणी आणि मग वर्षभर शांतता.

वीस जणी येणार कशा? हे काम आशाताईचं. तिच्याकडे तिशीपुढच्या प्रत्येकासाठी भरायचा सीबॅक फॉर्म असतो. त्यात बायकांसाठी प्रश्न आहेत: पाळी नसताना अंगावर जातं का, पाळी गेल्यावर रक्त दिसतं का, संबंधानंतर दिसतं का, पांढऱ्या पाण्याला वास येतो का. पण लक्षणं सांगणाऱ्या बाईलाच तपासायचं, अशी समजूत झाली की कार्यक्रम तिथेच फसतो. एचपीव्ही या विषाणूची लागण झाल्यापासून कर्करोग व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षं जातात आणि त्यातला बहुतेक काळ बाईला काहीच त्रास नसतो. पकडायचं असतं ते नेमकं त्या काळात. त्यामुळे “मला काय झालंय?” म्हणणारी बाईच खरी तपासणीची बाई.

अशा बाईला टेबलापर्यंत आणण्यासाठी अमेरिकेत मेक्सिकन वंशाच्या गरीब बायकांसाठी ‘अमिगास’ नावाचा एक कार्यक्रम तयार झाला. टेक्सासमधल्या एल पासो आणि ह्यूस्टनमध्ये तो तपासून पाहिला गेला. त्याचा गाभा म्हणजे ‘प्रोमोतोरा’: त्याच समाजातली, तीच भाषा बोलणारी बाई समोर बसते, चित्रं दाखवते, भीती काय आहे ते विचारते आणि दवाखान्यात कसं जायचं ते ठरवून देते. तिथे अशी बाई नेमून, शिकवून तयार करावी लागली. आपल्याकडे ती गावोगाव आहे. तिच्या डोक्यावर आधीच किती वह्यांचं ओझं आहे, एवढाच काय तो प्रश्न.

भीती मात्र परभणीची वेगळी आहे आणि ती निराधार नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण 2019 साली गाजलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत 82 हजारांवर बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. “ठेवली तर कॅन्सर होईल” हे वाक्य त्यातल्या अनेकींनी ऐकलं होतं. अशा मुलखात “कॅन्सरची तपासणी” म्हटलं की बाईला पुढचं ऑपरेशनच दिसतं. म्हणून आशाताईने पहिल्याच भेटीत सांगायला हवं: काकू, ही तपासणी पिशवी वाचवायला आहे. डाग सापडला तर बहुतेक वेळा तेवढीच जागा शेकून काढतात, पिशवीला हात लावत नाहीत.

आता प्रत्यक्ष टेबलापाशी येऊ. सकाळी पाच मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड पंच्याण्णव मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून द्रावण करायचं. उरलेलं संध्याकाळी फेकायचं, कालचं वापरायचं नाही. पाळी चालू असेल किंवा बाई गरोदर असेल तर तिला पुढची तारीख द्यायची. स्पेक्युलम लावल्यावर गर्भाशयमुख गुलाबी दिसतं. त्यावर द्रावणाचा बोळा टेकवायचा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट थांबायचं. घाई झाली की चूक इथेच होते. पेशींत बदल झालेले असतील तर मुखाच्या छिद्राभोवती दोन प्रकारच्या पेशी मिळतात त्या सांध्याजवळ पांढरा चट्टा उमटतो, दाट आणि स्पष्ट कडेचा. फिकट, विखुरलेली पांढरट छटा बहुधा सुजेची असते. दोन्हींतला फरक पुस्तकापेक्षा डोळ्यांना सवय लागूनच कळतो. पाळी जाऊन काही वर्षं झालेल्या बाईत हा सांधा आत सरकलेला असतो, तिच्यात या तपासणीवर फार विसंबता येत नाही.

सिस्टरचा डोळा तयार झाला का, हे कसं ओळखायचं? त्यासाठी धाराशिवकडे पाहावं. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधली ल्योंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून 1999पासून 1,31,746 बायकांचा अभ्यास केला. तिथे या पद्धतीने तपासलेल्यांपैकी सुमारे 14 टक्के बायकांत पांढरा चट्टा दिसला. सगळ्याच ठिकाणी एवढे दिसतील असं नाही, पण दोनशे बायका तपासून वहीत एकही चट्टा नसेल, तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याने आनंद मानू नये, सिस्टरला पुन्हा प्रशिक्षणाला पाठवावं.

त्या अभ्यासाचा 2009 साली आलेला निकाल जास्त बोलका आहे. एचपीव्हीची चाचणी एकदाच झालेल्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाने 34 मृत्यू झाले. जवळपास तेवढ्याच मोठ्या, नेहमीचीच सेवा मिळालेल्या गटात 64. (त्या दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर नंतर बराच वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता.) ॲसिटिक ॲसिडच्या एकाच फेरीने मात्र मृत्यू ठळकपणे कमी झाले नाहीत. याउलट मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी हीच साधी तपासणी दर दोन वर्षांनी केली, तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. द्रावण तेच. फरक फेऱ्यांचा. एका शिबिराच्या फोटोवर समाधान मानणाऱ्यांना याहून सरळ उत्तर नाही.

चट्टा दिसल्यावर खरी कसोटी लागते. आठवड्याला वीस तपासल्या तर एक-दोन-तीन जणींना पुढे पाठवावं लागेल. पुढे म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी: दुर्बिणीतून पाहणं, गरज पडली तर तुकडा काढून तपासणं, कर्करोगाआधीचा बदल असेल तर थर्मल ॲब्लेशन. सुमारे शंभर अंशांना तापवलेलं टोक अर्धा मिनिट टेकवतात. बहुतेकींना भूल लागत नाही. कर्करोगच निघाला तर नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर. उपचाराचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो. बाईचा बुडालेला रोज, सोबत येणाऱ्याचा रोज आणि एसटीचं भाडं मात्र घरातूनच जातं, आणि माघार घेतली जाते ती तिथे. दुसऱ्यांदा जावं लागलं की निम्मा उत्साह मावळतो. म्हणून पाठवण्याची तारीख चिठ्ठीवर लिहून भागत नाही. त्या दिवशी तिथे डॉक्टर असणार का, हे केंद्राने आदल्या दिवशी फोन करून विचारायचं, तीन-चार जणी एकत्र पाठवायच्या आणि सोबत आशाताई द्यायची.

म्हणून वहीत “पॉझिटिव्ह”च्या पुढे तीन रकाने हवेत: कधी पोचली, काय केलं, पुन्हा तपासायची तारीख. मासिक सभेत “किती तपासल्या” याआधी या तीन रकान्यांतल्या रिकाम्या जागा वाचल्या जाव्यात.

राहता राहिलं कॅलेंडर. गंगाखेड, सोनपेठ, पाथरीकडच्या अनेक बायका दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळा लागला की परततात. या गावांत तपासणीचा जोर पेरण्या उरकल्यावर, आषाढ-श्रावणात हवा, म्हणजे चट्टा दिसलेल्या बाईचे उपचार ती कोयता घेऊन निघण्याआधी पुरे होतील. जिचे राहिले, तिच्या नावापुढे मोबाइल नंबर आणि ती कोणत्या कारखान्यावर जाणार ते लिहून ठेवायचं. ते गाव सोडण्याआधी विचारलं तरच कळतं. दिवाळीनंतर विचारायला घरी फक्त म्हातारी माणसं असतात.