उष्णतेचा जाच आणि छातीइतके पाणी

२६ मेपासून मालवण बंदरातील प्रवासी होड्या आणि जलक्रीडा पावसाळ्यापुरत्या बंद होतात आणि त्यामागोमाग, ३० मे रोजी, जागतिक मल्टिपल स्क्लेरोसिस दिन येतो. अंगणात समुद्र असलेल्या आपल्या जिल्ह्याने या व्याधीच्या रुग्णासाठी पाण्याचा विचार करावा, असाच हा योग आहे.

मज्जातंतूंवरील मायलिनचे वेष्टन झिजून मेंदूचे संदेश अडखळतात, हे वाचकांस ठाऊक आहेच. मला अधिक मोलाचे वाटते ते विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्याचे निरीक्षण. श्रमानंतर काही रुग्णांची दृष्टी मंदावते व विश्रांतीनंतर पूर्ववत होते, हे त्याने १८९० साली नोंदविले आणि दोष श्रमाला दिला; पुढे कळले की खरे कारण शरीराचे वाढलेले तापमान असून, अर्ध्या अंशाची वाढही दुबळ्या तंतूतील संदेश रोखू शकते. तरीही श्रम टाळण्याचा सल्ला कित्येक दशके चालू राहिला, आणि निव्वळ बसून राहिल्याने आलेली क्षीणताही रोगाच्याच खात्यावर जमा होत गेली. हा मोठाच अन्याय होता. १९८४ साली अमेरिकेत दहा आठवड्यांच्या जलव्यायामाने रुग्णांचे बळ वाढल्याचे प्रसिद्ध झाले. असे अभ्यास आजही लहानच आहेत, परंतु थकवा घटतो, हा त्यांचा कौल वारंवार आला आहे.

मे महिन्यात मालवणात घाम निथळतो, पण वाळत नाही. पाणी मात्र हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते, आणि छातीइतक्या पाण्यात देहाचा भार जेमतेम तृतीयांश उरतो. कठडा धरून उभा असलेला रुग्ण एक गुडघा पोटाशी आणतो, सोडतो, मग दुसरा. नंतर आडवी पावले टाकतो. तोल गेला तरी पाणीच त्याला सावरते आणि पडण्याचे भय सरले की पाऊल आपोआप लांब पडू लागते.

समुद्र मात्र याकामी निरुपयोगी, किंबहुना घातक. लाट ओसरताना पायाखालची वाळू सरकते, आणि संवेदना हरपलेल्या पायाला खडकावरच्या कालवांची धार लागली तरी कळत नाही. हवा तो २७ ते २९ अंशांचा, उतरण व कठडे असलेला तलाव. सांधेदुखीसाठी तापविलेला ३३ अंशांचा तलावही येथे वर्ज्यच.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या सूचीत या व्याधीचा नामनिर्देश आहे, आणि स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा शासनाचा हुकूम आहे. जिल्हा नियोजन समितीने आणि नगरपरिषदांनी एखाद्या तलावाला उतरण, कठडे आणि आठवड्यातून दोन सकाळी एक फिजिओथेरपिस्ट, एवढ्याची तरतूद तातडीने मंजूर करावी. रुग्णांना माझी विनंती अशी की, आपल्या मेंदूविकारतज्ज्ञाची अनुमती घ्यावी, रोगाचा नवा झटका असताना पाण्यात उतरू नये, आणि एकट्याने तर कधीच नाही.